मदत हवी आहे: नेटवर्क ड्रायव्हर काढताना कर्नल पडतो, आधी काय बंद करायचं?

नमस्कार मंडळी,

लिनक्स कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरवर काम केलेलं कोणी इथे असेल तर प्लीज वाचा. चार दिवस एकाच जागी अडकलेय.

आमच्या टीमने एफपीजीएवर (हवी तशी रचना करता येणाऱ्या चिपवर) बनवलेल्या पीसीआय एक्सप्रेस नेटवर्क कार्डाचा ड्रायव्हर माझ्याकडे आलाय. कर्नल ६.६, ड्रायव्हर कर्नलच्या सोर्सबाहेरच बिल्ड होतो. ज्यांनी लिहिला ते आता इथे नाहीत. चालू असताना काहीच तक्रार नाही, रात्रभर ट्रॅफिक सोडला तरी एक पॅकेट गळत नाही. सगळा त्रास काढताना होतो.

टेस्ट अशी: एका टर्मिनलवर पिंगचा मारा, दुसऱ्यावर लूप. मॉड्यूल (म्हणजे ड्रायव्हर) घाल, इंटरफेस अप कर, तीन सेकंद थांब, मॉड्यूल काढ. कधी विसाव्या फेरीला, कधी साठाव्या, पण कर्नल पडतोच. केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारं कर्नलचं साधन) लावून बिल्ड केल्यावर सिरियल कन्सोलवर 'स्लॅब-यूज-आफ्टर-फ्री' आलं, म्हणजे सोडून दिलेली मेमरी कोणीतरी वापरतंय. ट्रेसमध्ये दोनदा आमचा इंटरप्ट हँडलर (कार्डाने हाक दिली की चालणारं फंक्शन) होता, एकदा टायमर.

रिमूव्हमध्ये (ड्रायव्हर काढताना चालणारं फंक्शन) आत्ता रीसेटचं वर्क (नंतर करायला क्यूत टाकलेलं काम) कॅन्सल होतं, मग टायमर डिलीट, मग अनरजिस्टर_नेटडेव्ह (इंटरफेसची नोंद काढणं), शेवटी फ्री_नेटडेव्ह (त्याची मेमरी सोडणं). इंटरप्टची लाइन दुसऱ्या कार्डाबरोबर शेअर्ड आहे. तो डेव्हएम_रिक्वेस्ट_आयआरक्यूने घेतलाय, म्हणजे कर्नल तो आपोआप सोडतो, त्यामुळे तो सोडायची ओळ रिमूव्हमध्ये नाहीच.

टायमर दर सेकंदाला लिंक बघतो. कार्ड अडकलंय असं वाटलं की रीसेटचं वर्क क्यूत टाकतो. ते वर्क आरटीएनएल लॉक (नेटवर्क इंटरफेसमध्ये बदल करताना धरायचा कर्नलचा लॉक) घेऊन कार्ड रीसेट करतं आणि जाता जाता टायमर पुन्हा लावतं. म्हणजे दोघं एकमेकांना उठवतात! वर्क आधी थांबवलं तर तेवढ्यात टायमर वाजून ते परत क्यूत जातं. टायमर आधी थांबवला तर चालू असलेलं वर्क त्याला पुन्हा लावतं.

म्हणून दोघांना थांबवायच्या ओळी एनडीओ_स्टॉपमध्ये (इंटरफेस डाउन करताना चालणारं फंक्शन) हलवल्या. मग इंटरफेस डाउन करायची कमांडच गोठली, १२० सेकंदांनी हंग टास्कचा मेसेज. कारण नंतर लक्षात आलं. स्टॉपला कर्नल आरटीएनएल लॉक धरूनच बोलावतो, आणि मी आत ज्या वर्कची वाट बघतेय ते त्याच लॉकसाठी बाहेर ताटकळतंय.

फ्री_नेटडेव्हच्या आधी अर्ध्या सेकंदाचा एमस्लीप (नुसतं थांबणं) टाकून बघितला. तीनशे फेऱ्या निघाल्या आणि मग पडला. असलं ठिगळ लावून मला तो पुढे द्यायचा नाही. बरोबर क्रम कोणी सांगेल का?

प्रतिसाद

एमस्लीप काढून टाका, तुम्हाला पटलं नाही तेच बरोबर आहे. तुमच्याकडे दोन वेगळे बग आहेत.

पहिला इंटरप्टचा. डेव्हएमने घेतलेली गोष्ट रिमूव्ह परतल्यानंतर सुटते. तुमचं प्रायव्हेट स्ट्रक्चर (ड्रायव्हरचा स्वतःचा डेटा) नेटडेव्हच्याच मेमरीत असतं, ते फ्री_नेटडेव्हबरोबर गेलं. मधल्या वेळात शेअर्ड लाइनवरच्या दुसऱ्या कार्डाने इंटरप्ट दिला की तुमचा हँडलर गेलेल्या मेमरीत हात घालतो. रिक्वेस्ट_आयआरक्यू ओपनमध्ये (इंटरफेस अप करताना चालणारं फंक्शन) आणि फ्री_आयआरक्यू स्टॉपमध्ये न्या. आणि कॉन्फिग_डीबग_एसएचआयआरक्यू चालू करा. शेअर्ड इंटरप्ट सोडताना कर्नल मुद्दाम तुमचा हँडलर आणखी एकदा बोलावतो, त्यामुळे साठाव्या फेरीची वाट बघावी लागणार नाही.

दुसरा टायमर-वर्कचा. वर्कने लॉक घेतल्यावर आधी नेटिफ_रनिंग तपासायचं, इंटरफेस बंद असेल तर काहीही न करता लॉक सोडून परतायचं. टायमर_डिलीट_सिंक स्टॉपमध्येच राहू दे. आता वर्क स्टॉपच्या आधी संपलं असेल तर त्याने लावलेला टायमर स्टॉप काढेल, आणि नंतर आलं तर ते टायमर लावणारच नाही. वर्क कॅन्सल मात्र रिमूव्हमध्ये, अनरजिस्टर_नेटडेव्हच्या नंतर, कारण तेव्हा लॉक सुटलेला असतो. त्याच्या आधी टायमर_शटडाउन_सिंक घाला. तो ६.२ पासून आहे, त्यानंतर कोणी मॉड_टायमर केलं तरी टायमर लागत नाही. फ्री_नेटडेव्ह सगळ्यात शेवटी.

स्टॉपमध्ये डीएमएचंही (कार्डाने थेट मेमरीत लिहिण्या-वाचण्याचंही) बघा. कार्डाला थांबायला सांगणारं राइट पोस्टेड असतं, म्हणजे ओळ पुढे गेली तरी ते कार्डापर्यंत पोचलेलं असेलच असं नाही. तेच रजिस्टर परत वाचा, कार्ड रिकामं झाल्याचा बिट येईपर्यंत थांबा, मगच बफर अनमॅप करून एसकेबी (पॅकेटची मेमरी) सोडा. उलटं केलंत तर कार्ड दुसऱ्याच कोणाच्या मेमरीत लिहील, आणि ते केएसॅनलाही दिसत नाही.

शटडाउन कॉलबॅक आहे का? रीबूट आणि केएक्झेकला (चालू कर्नलमधून थेट नवा कर्नल सुरू करणं) रिमूव्ह बोलावलं जात नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. जुन्या कोडवर डीबग_एसएचआयआरक्यू लावलं आणि पहिल्याच फेरीत पडला, ट्रेसमध्ये नेमका हँडलर! इंटरप्ट हलवला, नेटिफ_रनिंगची तपासणी घातली, एमस्लीप काढला. पिंगच्या माऱ्यात काल रात्री दोन हजार फेऱ्या पूर्ण झाल्या.

शटडाउन कॉलबॅक नव्हताच. केएक्झेक केल्यावर नवा कर्नल मध्येच विचित्र जागी पडायचा, त्याचं खापर आम्ही इतके दिवस रॅमवर फोडत होतो. आता त्यात इंटरफेस बंद करून कार्डाचा बस मास्टर (स्वतःहून मेमरीत लिहायची मुभा) काढतेय. उद्या टेस्ट करून इथेच कळवते.