मदत हवी आहे: कुसुमाग्रज आणि शिरवाडकर, तालिकेत एक की दोन?

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयाची कार्डं कोहा या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमधल्या तालिकेत, म्हणजे पुस्तकांच्या सूचीत, चढवण्याचं काम सुरू आहे. इंग्रजी पुस्तकांच्या तयार नोंदी उतरवून घेता आल्या. मराठी कपाटांपाशी आलो आणि टोपणनावांवर अडलो.

‘विशाखा’वर नाव कुसुमाग्रज, ‘नटसम्राट’वर वि. वा. शिरवाडकर. आरती प्रभू आणि चिं. त्र्यं. खानोलकरांचं तेच. गडकऱ्यांची तर तीन नावं: नाटकांना स्वतःचं, कवितांना गोविंदाग्रज, विनोदी लेखांना बाळकराम. जुन्या कार्डांवर ज्या त्या ग्रंथपालाने आपापल्या समजुतीने लिहिलंय.

तालिका करण्याचे नियम शोधायला गेलो तर तेही सारखे बदलत आलेत. ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातल्या पानिझ्झींच्या १८४१च्या ९१ नियमांत असं पुस्तक टोपणनावाखालीच जातं. १८७६ मध्ये अमेरिकन ग्रंथपाल कटर सांगतात, खरं नाव माहीत असेल तर शक्यतो त्याखाली घ्या. आपले ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांची तालिकेची संहिता (१९३४) पुस्तकाच्या शीर्षकपृष्ठावरचं नाव प्रमाण मानते. एएसीआर-२ या इंग्रजी जगातल्या नियमावलीच्या १९८८च्या सुधारित आवृत्तीत समकालीन लेखकाच्या प्रत्येक नावाला वेगळं नोंदशीर्षक (पुस्तक ज्या नावाखाली लागतं ते) मिळालं आणि तिच्या जागी आलेल्या आरडीए नियमावलीनेही तोच मार्ग धरला. आता इफ्ला या ग्रंथालयांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं २०१७चं एलआरएम हे संकल्पना-प्रारूप म्हणतं की व्यक्ती म्हणजे प्रत्यक्ष माणूस, बाकी सगळी त्याची नावं. मला हा विचार मनापासून पटतो. ‘नटसम्राट’ वाचून भारावलेल्या मुलाला त्याच हाताने लिहिलेली ‘विशाखा’ सापडायलाच हवी, नाहीतर तालिका करायची कशासाठी?

पण आमच्या हातात आहे मार्क, म्हणजे संगणकात नोंदी भरण्याचा साठच्या दशकातल्या घडणीचा साचा. त्यात माझ्यासमोर दोन वाटा आहेत. एकच ऑथॉरिटी नोंद (लेखकाचं प्रमाण नाव ठरवणारी) करून दुसरं नाव ४०० या ‘हे नाव तिकडे पाहा’ रकान्यात टाकायचं, किंवा दोन नोंदी करून ५०० या ‘हेही पाहा’ रकान्याने एकमेकींना जोडायच्या. पहिलीत ‘विशाखा’ शिरवाडकरांच्या नावाखाली जाईल, आणि कविता हवी असलेला माणूस त्या नावाने शोधत नाही. म्हणून माझा कल दुसरीकडे आहे. शिवाय पुढेमागे मार्कची जागा घेऊ पाहणाऱ्या बिबफ्रेम या नव्या साच्याकडे जायचं झालं तर दोन नोंदी एकत्र करणं सोपं, एकीतून दोन वेगळ्या काढणं अवघड, असं मला वाटतं. यात काही चुकतंय का?

ज्यांनी मराठी संग्रह प्रत्यक्ष कोहात चढवलाय त्यांच्याकडून कळायला हवं: ५०० ची जोड वाचकाच्या शोधपानावर क्लिक करता येईल अशी दिसते का, की वेगळी सेटिंग लागते? शिरवाडकरांची १९१२–१९९९ ही जन्म-मृत्यूची वर्षं दोन्ही नोंदींत द्यायची का? आणि गडकऱ्यांच्या तीन नोंदी झाल्या तर प्रत्येकीतून उरलेल्या दोघींकडे जोड द्यायची, की सगळ्या एका मुख्य नोंदीकडे वळवायच्या?

कुणाकडे अशी भरलेली एखादी मराठी नोंद असेल तर कृपया इथे जशीच्या तशी चिकटवा. गडकऱ्यांचं कपाट तोवर बाजूला ठेवलंय.