कोलोराडोत स्वतःच्या हिमतीवर एल्क (मोठ्या जातीचं हरीण) शिकार, मदत हवी आहे

मंडळी, डेन्व्हरला राहतो, यंदा ऑक्टोबरअखेरच्या रायफल सीझनला मी आणि एक मित्र गाईड न घेता व्हाईट रिव्हर नॅशनल फॉरेस्टमध्ये फ्लॅट टॉप्सच्या पठाराकडे जायचं म्हणतोय. हंटर एज्युकेशनचं (शिकारीच्या प्रशिक्षणाचं) कार्ड झालं, भगवी जाकिटं-टोप्या आणल्या, ऑफलाईन नकाशेही उतरवलेत. एका शिंगाला चार फाटे किंवा कपाळालगतचा फाटा निदान पाच इंच असलेला नरच तिथे बहुतेक ठिकाणी चालतो हेही पाठ झालंय.

खरी भीती मारल्यानंतरची आहे. हाडं काढली तरी ८०-९० किलो मांस निघतं म्हणे, आमच्याकडे घोडे नाहीत आणि उंची १० हजार फूट. परवा सराव म्हणून २० किलोची तांदळाची गोणी सॅकमध्ये टाकून डोंगर चढलो तर अर्ध्यातच फेस आला (बायको हसतेय अजून).

तर रस्त्यापासून किती मैल आत जाणं झेपतं? पोट न फाडता तिथंच फऱ्या सोडवायच्या तर नर असल्याचा पुरावा मांसाला चिकटलेला कसा ठेवता? आणि दुपारी ऊन तापलं तर उरलेलं मांस सावलीत टांगून दुसऱ्या दिवशी आणलं तर चालतं का, की रात्रीच सगळ्या खेपा मारायच्या? कुणी स्वतः केलं असेल तर प्लीज सविस्तर सांगा.