डेस्कटॉप की लॅपटॉप? कटकटीचा संगणक बदलतानाचे अनुभव

धागाकर्ती

घरचा डेस्कटॉप गेले काही महिने लहरीवर चालतोय. बटण दाबलं की कधी नुसता पंखा फिरतो आणि स्क्रीन काळाच राहतो. कधी सगळं छान सुरू होतं आणि नेमकी फाइल सेव्ह करताना निळा स्क्रीन येतो. दुरुस्तीवाल्यांनी रॅम काढली, तिच्या सोनेरी पट्ट्या खोडरबराने घासल्या, परत बसवली. थोडे दिवस बरे गेले, मग येरे माझ्या मागल्या.

आता बदलायचाच म्हणते. काम भारी नाही: टायपिंग, एक्सेल, बँकेची कामं, व्हिडिओ कॉल, फोटो साठवणं. घरात मात्र दोन तट आहेत. एकाचं म्हणणं, आता डेस्कटॉप घेतं कोण? दुसऱ्याचं म्हणणं, निदान उघडून नीट तरी करता येतो. तुम्ही अशा वेळी काय घेतलंत आणि वापरून झाल्यावर आता काय वाटतं ते लिहा. मॉडेलची नावं नसली तरी चालेल, अनुभव हवेत.

हार्डवेअरची कामं करणारा

ताई, नवीन घ्या, पण आधी जुन्याला नेमकं काय झालंय ते बघा. माझ्याकडे 'संगणक गेला' म्हणून येणाऱ्या पेट्यांमध्ये पूर्ण गेलेला संगणक क्वचितच असतो. पंखा फिरतो पण डिस्प्ले नाही, मध्येच निळा स्क्रीन, ही लक्षणं रॅमची असू शकतात, एसएमपीएसचीही (म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा). मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम पेन ड्राइव्हवर टाका, त्यावरून संगणक सुरू करा आणि रात्रभर चालू ठेवा. चुकांच्या लाल ओळी दिसल्या तर एक-एक रॅम काढून पुन्हा तपासा. तिथे काही निघालं नाही तर दुसरा चांगला एसएमपीएस लावून बघायचा.

रोज सुरू करताना तारीख मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल बदला. ३ व्होल्टचा तो छोटासा सेल संपला की घड्याळ चुकतं आणि मग बँकेची साइटसुद्धा 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाही. लोक त्याला व्हायरस समजतात.

आणि प्रोसेसर कुठल्या पिढीचा आहे ते पाहा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा त्याआधीचा असेल तर रॅम बदलून मशीन सुधारेल, पण विंडोजचा प्रश्न उरेलच. विंडोजऐवजी लिनक्स टाकून वापरायची तयारी असेल तर गोष्ट वेगळी.

अनुवादक

मी डेस्कटॉपवाली, आणि आता बदलणार नाही. डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे अनुवाद, खाली कोश, हे लॅपटॉपच्या स्क्रीनवर मावतच नाही. मध्यंतरी सगळं काम लॅपटॉपवर करत होते तर संध्याकाळी मान वळेना. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला आणावा तर कीबोर्ड हनुवटीशी येतो, कीबोर्ड खाली ठेवावा तर मान खाली. दोन्ही एकमेकांना चिकटलेले, करणार काय!

दुसरं कारण कीबोर्ड. दिवसभर बडवणाऱ्या माणसाचा कीबोर्ड झिजतोच. डेस्कटॉपला नवीन लावला की काम पुढे चालू. त्या लॅपटॉपचा एक स्वर उमटेनासा झाला तेव्हा कळलं की कीबोर्ड वरच्या पत्र्याला रिव्हेटने ठोकून बसवलाय, म्हणजे बदलायचा तर अख्खा वरचा भागच बदलायचा.

वसतिगृहात राहणारा

एक खोली, तिघं जण, दर सुट्टीत सामान हलवायचं. मला हा प्रश्न पडलाच नाही. लॅपटॉप.

घरून काम करणारी

लॅपटॉप असूनही तो वर्षानुवर्षं एकाच टेबलावर, कायम चार्जरला लावलेला. अशांसाठी लिहिते.

आधी टचपॅडचा क्लिक जड झाला. मग तो एका बाजूने दबेना. धूळ असेल म्हणून ब्रशने साफ केला. नंतर झाकण मिटलं तरी मध्ये फट राहायला लागली आणि सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगायला लागला. खालचं कव्हर उघडल्यावर आत बॅटरी उशीसारखी फुगलेली दिसली, तीच टचपॅडला खालून ढकलत होती. असं दिसलं तर चार्जर काढा, लॅपटॉप वापरणं थांबवा, बॅटरी दाबायची-टोचायची नाही, जाणकाराकडून काढून घ्या आणि कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

नवीन घेतल्यावर पहिल्याच दिवशी चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ही सोय बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती आपण शोधल्याशिवाय सापडत नाही.

तरीही लॅपटॉपच घेतला. कारण त्या बॅटरीमुळेच वीज गेली तरी कॉल चालू राहतो. डेस्कटॉपला तेवढ्यासाठी यूपीएस लागतो, आणि त्याचीही बॅटरी काही वर्षांनी बदलावीच लागते.

धागाकर्ती

मेमटेस्टला लाल ओळी आल्या! एक रॅम काढून ठेवली, तेव्हापासून निळा स्क्रीन नाही. पण प्रोसेसर सहाव्या पिढीचा निघाला. तेव्हा घ्यायचं तर आहेच, आता घाई नाही इतकंच. लिहीत राहा.

व्हिडिओ एडिटिंग करणारा

तुमच्या कामाला लागू नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. लॅपटॉपवरचं ग्राफिक्स कार्ड आणि डेस्कटॉपवरचं त्याच नावाचं कार्ड ही दोन वेगळी कार्डं असतात. आरटीएक्स ४०७० चंच घ्या. डेस्कटॉपचं: ५८८८ कोअर, १२ जीबी मेमरी, २०० वॅट. लॅपटॉपचं: ४६०८ कोअर, ८ जीबी, आणि वीज किती द्यायची ते लॅपटॉप बनवणारी कंपनी ठरवणार, ३५ पासून ११५ वॅटपर्यंत. म्हणजे दोन लॅपटॉपवर कार्डाचं नाव एकच असलं तरी वेग एक नसतो. बाहेरच्या खोक्यावर हे वॅट शोधून दाखवा!

माझा अनुभव असा की एक्स्पोर्ट लावलं की लॅपटॉप पहिली काही मिनिटं सुसाट जातो, मग तापतो आणि स्वतःच वेग उतरवतो. पंखे मात्र ओरडत राहतात. डेस्कटॉपवर तेच काम एका लयीत होतं. चित्रीकरणाच्या जागी फुटेज उतरवून घ्यायला जुना लॅपटॉप ठेवलाय, कापाकापी सगळी घरी.

हिशेब बघणारा

'डेस्कटॉप स्वस्त पडतो' हे वाक्य मी आमच्या कार्यालयातल्या खरेदीत फार ऐकलंय. यादी करायला बसलं की मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, स्पीकर, वेबकॅम, माइक, यूपीएस. मदरबोर्डवर वायफाय नसेल तर त्याचं कार्ड. लॅपटॉपमध्ये यूपीएस सोडून हे सगळं आधीच असतं, आणि बॅटरीमुळे तोही लागत नाही. ज्याच्याकडे मॉनिटर आणि बाकीचं सामान आधीपासून आहे त्यालाच डेस्कटॉप खरा स्वस्त. धागाकर्तीकडे आहे, हे त्यांनी लक्षात घ्यावं.

यूपीएसबद्दल एक: ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे. त्या वर्गातले बरेच यूपीएस ३६० वॅटच्या आसपास असतात. फाइल सेव्ह करून नीट बंद करण्यापुरती उसंत मिळते, त्यावर काम उरकत बसायचं नसतं.

मिनी पीसीवाला

तिसरा पर्याय कोणी घेतलाच नाही म्हणून लिहितोय. तळहातावर मावणारी डबी, मॉनिटरच्या मागे ७५ किंवा १०० मिलिमीटरच्या चार भोकांवर स्क्रूने बसते. इंटेलने २०१३ च्या सुमारास एनयूसी नावाने असे संगणक आणले, २०२३ मध्ये अंग काढून घेतलं आणि पुढे आसूसने ते चालवायला घेतले. इतर कंपन्यांच्याही भरपूर आहेत.

आत प्रोसेसर बहुतेक वेळा लॅपटॉपचाच असतो, त्यामुळे वीज कमी लागते आणि आवाज जवळजवळ नाही. बऱ्याच डब्यांत रॅम आणि एसएसडी आपल्याला बदलता येतात, पण घेण्याआधी खात्री करा. ग्राफिक्स कार्ड मात्र घालता येत नाही. टायपिंग, एक्सेल आणि बँक एवढ्यासाठी भलीमोठी कॅबिनेट कशाला हवी, हे मला अजून कळलेलं नाही.

ऑल-इन-वनने पोळलेली

मिनी पीसीला अनुमोदन. ऑल-इन-वन, म्हणजे मॉनिटरच्या आतच संगणक असलेला, मात्र घेऊ नका. दिसायला झकास, पण आमच्याकडे स्क्रीन गेला आणि आतला धडधाकट संगणकही त्याच्यासोबत अडगळीत गेला. लॅपटॉपसारखा उचलून नेता येत नाही, डेस्कटॉपसारखा सुटा करता येत नाही.

शिक्षिका

घरी मॉनिटर आणि कीबोर्ड टेबलावर कायम, वर्गात न्यायला लॅपटॉप. आल्यावर एकच यूएसबी-सी केबल खोचायची: स्क्रीन सुरू, चार्जिंग सुरू. मानेचं वर कोणीतरी लिहिलंय, ते दुखणं यात येत नाही, कारण समोर मोठा स्क्रीन योग्य उंचीवर आहे आणि लॅपटॉप बाजूला मिटलेला.

पण यूएसबी-सीची सगळी भोकं दिसायला सारखी असतात, करतात वेगवेगळं. काहींतून फक्त डेटा जातो. स्क्रीनला चित्र जातं का आणि त्यातून चार्ज होतो का, हे दोन प्रश्न घेण्याआधी विचारायचे, आणि जमलं तर स्वतःच्या डोळ्यांसमोर जोडून बघायचं. दुसरं, बारीक लॅपटॉपमध्ये रॅम हल्ली बोर्डावरच सोल्डर केलेली असते. नंतर वाढवू म्हणायची सोय नाही. मी १६ जीबीच घेतली. ज्यांना संगणक उचलून न्यायचाच नाही त्यांनी एवढा खटाटोप करू नये, सरळ डबी घ्यावी.

डेटा वाचवून देणारा

काहीही घ्या, जुन्यातला डेटा आत्ता काढा, मशीन शहाण्यासारखं वागतंय तोवर. दोन प्रती, त्यातली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर.

आणि नव्यात मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलंत की बऱ्याच विंडोज ११ मशीनवर ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद, होतो. पूर्वी मदरबोर्ड मेला तरी डिस्क काढून दुसऱ्याला लावली की फोटो मिळायचे. आता तिथे ४८ आकडी 'रिकव्हरी की' (कुलूप उघडायचा क्रमांक) मागतात. ती त्या खात्यात असते, आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या लोकांना आपण कोणत्या ईमेलने खातं उघडलं तेच आठवत नसतं. ही 'की' कागदावर छापा आणि वहीत चिकटवा. त्या संगणकात सेव्ह करून ठेवू नका.