आठ गोल पोरांनी खाल्ले, पण संघ कुणी पाठवला?

अंधेरीकर

ड्युरंड चषकात केरळा ब्लास्टर्सनं मुंबई सिटीला 8-0 धुतलं. दुसऱ्या दिवशी या फोरमवरच्याच एका सदस्यानं लिहिलं की मे महिन्यात इंडियन सुपर लीगचा चषक उंचावणाऱ्या क्लबची लाज गेली, आणि या पोरांच्या अंगावर पुन्हा निळी जर्सी चढता कामा नये. ते वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

4 मे 2024 ला कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागानला 3-1 हरवणारा संघ आणि 1 ऑगस्टला त्याच कोलकात्यात उतरलेला संघ, यांच्यात जर्सी सोडून सारखं काय होतं? हंगामाचा पहिलाच सामना, आणि मुंबईनं रिझर्व्हची, म्हणजे दुसऱ्या फळीची पोरं पाठवली. समोर थायलंडमध्ये सराव करून आलेला, परदेशी खेळाडूंसह पूर्ण ताकदीचा संघ. त्यांचा नवा प्रशिक्षक मिकाएल स्टारे डगआउटमध्ये, त्यामुळे जो तो आपली जागा पक्की करायला धावतोय. वायनाडच्या दरडींना दोनच दिवस झाले होते, दंडावर काळ्या फिती होत्या. हे लोक तीन गोलांवर थांबणार होते का? एफसी गोवा सोडून आलेल्या नोआ सदाऊईचे तीन, क्वामे पेप्राचे तीन, शेवटी थकलेल्या पायांवर ईशान पंडिताचे दोन.

अशा सामन्यात पहिला गोल बसला की पोरं बरोबरी साधायला पुढे सरकतात, बचावफळीच्या मागे मैदान मोकळं पडतं आणि नोआसारख्याला तेवढंच हवं असतं. अनुभवी स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, अशा वेळी ओरडून सगळ्यांना मागे खेचतो, दहा मिनिटं खेळ थंड करतो. तो माणूस मुंबईत बसला होता. शिव्या द्यायच्याच तर ज्यांनी यादी बनवली त्यांना द्या.

दादरचा स्टॉपर

ती पोस्ट माझीच, आणि शब्द मागे घेत नाही. रिझर्व्ह संघ पाठवून 2-0, 3-0 हरणं समजतं. आठ म्हणजे मान टाकली. 2019 ला मँचेस्टर सिटीच्या मालकांनी, सिटी फुटबॉल ग्रुपनं, 65 टक्के मालकी घेतली, मँचेस्टरची पद्धत, मँचेस्टरचा पैसा असं आम्हाला ऐकवतात. मग दुसरी फळी इतकी पातळ कशी? आणि तुम्ही खरी गोष्ट टाळलीत. भेके, दियाझ आणि नोगेरा बंगळूरला गेले, आपुइया बागानला गेला. चषक जिंकून तीन महिने होत नाहीत तोवर कणाच विकला.

अंधेरीकर

कणा गेला हे खरं, पण त्याचा या आठ गोलांशी काय संबंध? उरलेले सीनियरसुद्धा त्या रात्री खेळत नव्हते. आणि मान टाकली म्हणता, तुम्ही सामना पूर्ण पाहिलात की सकाळी स्कोअर वाचलात?

दादरचा स्टॉपर

पूर्ण पाहिला. हा प्रश्न मला विचारायची गरज नव्हती.

तालीमवाला कोल्हापूर

दोघंही मुद्द्याला बगल देताय. मुंबईच्या संघात महाराष्ट्राची पोरं किती, ते बोला. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि शिवाजी मंडळ हे इथले संघ भिडले की पाय ठेवायला जागा नसते. अनिकेत जाधव इथलाच, 2017 ला 17 वर्षांखालील विश्वचषक खेळला. माझ्या पुतण्याला एका क्लबनं ट्रायलला बोलावलं होतं. रात्रभर एसटीनं गेला, जेमतेम दहा मिनिटं खेळवला, नाव न विचारता परत पाठवला. अशी पोरं वेळेवर उचलली असती तर ही वेळ आली नसती.

कूपरेजचा जुना

कोल्हापूरचं प्रेम मान्य, पण शिस्तीचं काय? प्रेक्षकांतल्या मारामाऱ्यांमुळे तुमचे सामने थांबतात.

तालीमवाला कोल्हापूर

झालं, आलं मुंबईकरांचं पालुपद! ओ साहेब, मारामारी करणारे शंभर आणि शांत बघणारे हजारो. तुमच्या अंधेरीत फुकट पास वाटले तरी एवढी माणसं येतील का? पेठेतलं पोरगं चपला काढून गल्लीत खेळतं, त्याला शिस्त शिकवायला निघालात.

कूपरेजचा जुना

आवाज खाली ठेवा. मी रोव्हर्स चषकाला मुंबईच्या कूपरेज मैदानावर उभं राहून सामने बघितलेत. 1891 पासूनची स्पर्धा आमच्या डोळ्यांदेखत बंद पडली. महिंद्र युनायटेडनं 2005-06 ला राष्ट्रीय लीग जिंकली आणि 2011 ला संघच गुंडाळला. मग एफसी पुणे सिटी हा क्लबही गेला. पोरानं रिझर्व्हमधून वर चढावं अशा पायऱ्याच या राज्यात उरल्या नाहीत. तुमच्या पुतण्याचं दुखणं तेच आहे, माझ्याशी कशाला भांडता?

तालीमवाला कोल्हापूर

हे आधी लिहिलं असतं तर भांडलो नसतो. पायऱ्यांचं पटलं. शिस्तीचं नाही.

कोचीतली मालवणी

इथं त्या रात्री फटाके वाजले नाहीत. टीव्हीवर आधी वायनाड, मग फुटबॉल. खेळाडूंनी विजय तिथल्या लोकांना वाहिला. समोर कोण आहे हे न बघता शेवटपर्यंत खेळले, त्यात मला वावगं वाटत नाही. पोरांवर दया दाखवून पाय आखडले असते तर तो त्यांचा अपमान झाला असता.

दादरचा स्टॉपर

ताई, हे मात्र बरोबर. केरळावर माझा राग नाहीच.

*(नोव्हेंबर)*

अंधेरीकर

धागा वर काढतोय. 3 नोव्हेंबरला अंधेरीत याच केरळाला आपण 4-2 हरवलं. कारेलिसचे दोन, तरुण नेथन रॉड्रिग्जचा एक, छांगटेचा एक. मैदानात सीनियर असले की निकाल काय लागतो ते दिसलं. ऑगस्टचा स्कोअर दोन क्लबांमधला फरक सांगत नव्हता, दोन याद्यांमधला सांगत होता.

दादरचा स्टॉपर

0-2 वरून केरळानं 2-2 केलं होतं. पेप्रा बरोबरीचा गोल करून जर्सी काढतो, दुसरं पिवळं कार्ड घेतो, ते दहा जण उरतात आणि मग आपण जिंकतो. हे तुम्ही लिहिलंच नाही. तरीही याद्यांचा मुद्दा देतो तुम्हाला, नाइलाजानं. पोरांना जर्सी देऊ नये हेही मी आता म्हणणार नाही, दोष पाठवणाऱ्यांचा. पण अनुभव मिळावा म्हणून पाठवली असतील तर हंगाम संपेपर्यंत त्या अकरांपैकी किती जण सीनियर संघात खेळतात ते मोजा. दोन-तीनच निघाले, तर त्यांना आठ गोल खायला पाठवलं होतं असंच मी म्हणणार.

तालीमवाला कोल्हापूर

आणि त्यांत महाराष्ट्राचे किती, तेही मोजा.