युंगफ्राऊयोखला एक स्वेटर पुरतो का?

कुणीतरी लिहिलंय, ‘तोरणमाळची थंडी सोसली की आल्प्सला एक स्वेटर बस.’ नाही हो भाऊ! तोरणमाळ साधारण ११५० मीटर, स्वित्झर्लंडच्या आल्प्समधल्या युंगफ्राऊयोख खिंडीतलं रेल्वे स्टेशन ३४५४ मीटरवर. आपण जळगावकर राहतो दोनशे मीटरवर. युंगफ्राऊयोखला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच भरतो, त्यामुळे थंडीआधी दम लागतो.

आम्ही मे महिन्यात गेलो. इथे पारा ४४ वर, तिथे गुडघाभर बर्फ. घरून नेलेलं शेवेचं पाकीट वर पोचेपर्यंत उशीसारखं टम्म फुगलेलं. वडील जिना भराभर चढले आणि कठड्याला धरून उभेच राहिले. म्हाताऱ्यांना सोबत नेणार असाल तर वर पोचल्यावर पंधरा मिनिटं नुसतं बसवा.

१९१२ पासूनची ही रेल्वे आयगर आणि म्योंख या डोंगरांच्या पोटातून सुमारे सात किलोमीटर बोगद्याने जाते, म्हणजे शेवटच्या टप्प्यात खिडकीतून काळोखच. खरा नजारा वर: आलेच हिमनदी, वीसेक किलोमीटर लांब. तिकीट मात्र आदल्या संध्याकाळी वरचा वेबकॅम इंटरनेटवर बघूनच काढा. ढग असले तर पांढऱ्या भिंतीकडे बघायचे पैसे जातात, आणि ते थोडेथोडके नाहीत.