दुकानाच्या पाटीला उजेड समोरून की मागून?

नवं_दुकान: नमस्कार मंडळी, दुकानाची पाटी करायचीय, नाव देवनागरीत, त्यात दोन वेलांट्या, एक रुकार आणि एक अनुस्वार. मागे काळ्या चकचकीत एसीपीचं (अ‍ॅल्युमिनियमच्या थरांच्या शीटचं) पॅनल आधीच बसलेलं आहे. बोर्डवाला म्हणतो स्टीलची अक्षरं करू आणि मागून उजेड सोडू, कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं त्यात तर फारच भारी दिसतंय. पण माझी मुख्य गरज म्हणजे ६० फुटांवरून नाव वाचता आलं पाहिजे. आणि बऱ्याच पाट्यांची निम्मी अक्षरं थोड्याच दिवसांत विझतात ते कशामुळे? त्याला काय काय विचारून घेऊ?

पाटीकाम: काळ्या चकचकीत पॅनलवर मागचा उजेड अजिबात घेऊ नका. तो उजेड भिंतीवर पडून परत डोळ्यात यायला हवा, काळा रंग तो पिऊन टाकतो आणि चकाकी असली की आतली एलईडी मॉड्यूल्स, म्हणजे दिव्यांचे छोटे तुकडे, ठिपक्याठिपक्यांनी दिसतात. चित्रात हे कळत नाही, तिथे नुसती धूसर कड रंगवलेली असते. तुमच्यासाठी समोरून उजळणारी, दुधी अ‍ॅक्रेलिकची अक्षरंच बरी.

उंचीचं म्हणाल तर ठोकताळा असाय की १० फुटांना १ इंच, म्हणजे ६० फुटांना ६ इंच. पण हा रोमन लिपीवरून आलेला हिशोब. आपल्याकडे तो शिरोरेघेखालच्या अक्षराच्या अंगाला लावा, वेलांटी वर जाते, रुकार खाली जातो, त्यांची जागा वेगळी धरायची. बोर्डवाले बरेचदा वेलांटीच्या टोकापासून रुकाराच्या टोकापर्यंत मोजून उंची सांगतात आणि मग वाचायचं अक्षर त्यात बारकंच निघतं, हे आधी विचारा. मी तर अंगच ८ इंच घ्या म्हणेन.

आणि अनुस्वार म्हणजे सुटा डबा, त्याला स्वतःचं मॉड्यूल, स्वतःची वायर. रुकाराची शेपटी बारीक काढली तर आत मॉड्यूल मावतच नाही, तेवढा भाग काळा राहतो आणि रात्री नाव वेगळंच वाचलं जातं. फॉन्ट जाड घ्या, पण आतल्या पोकळ्या मोकळ्या ठेवून, कारण पांढरा उजेड कडेबाहेर पसरतो.

वायरिंगवाला: विझण्याची कारणं मी बघितली त्यात दोनच जास्त, पॉवर सप्लाय आणि पाणी. समजा १.२ वॅटची ९० मॉड्यूल्स, झाले १०८ वॅट. बरेच जण १२० वॅटचा एसएमपीएस (म्हणजे तोच पॉवर सप्लाय) लावून मोकळे होतात, पण ८० टक्क्यांच्या वर लोड नको, म्हणजे इथे १५० चा पाहिजे. १२ व्होल्टवर हे ९ अँपिअर होतात, बारीक वायरने एकामागून एक जोडत नेलं की शेवटची अक्षरं मंद पडणारच, म्हणून दोन-तीन गट करून प्रत्येकाला एसएमपीएसपासून वेगळी वायर न्यायला लावा.

पाण्याचं, प्रत्येक अक्षराच्या सगळ्यात खालच्या टोकाला छोटं भोक हवंच, रुकार असेल तर त्याच्या तळाला. आत दमटपणा धरतोच, तो बाहेर पडायला वाट पाहिजे. मागचं वायरचं भोक मात्र बंद करायचं आणि तिथे व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको, त्याने तांबं गंजतं, न्यूट्रल मागा.

रंग_रेषा: मागच्या उजेडाला एकदम नाही म्हणू नका हो, पॅनलवर फिकट मॅट शीटचा पट्टा बसवून अक्षरं त्याच्या दीड-दोन इंच पुढे आणली तर काम होतं. फक्त ६० फुटांवरून वाचायचं हीच अट असेल तर पाटीकाम म्हणतात तेच बरोबर. काहीही घ्या, एक अक्षर पूर्ण बनवून अंधार पडल्यावर त्याच पॅनलवर धरून दाखव म्हणा.

नवं_दुकान: फार मदत झाली, समोरून उजळणारीच करतो. तो एसएमपीएस पॅनलच्या मागे ठेवणार म्हणतोय, चालेल का?

वायरिंगवाला: नको. आत हवा खेळत नाही, तो तापून लवकर जातो आणि बदलायला अख्खं पॅनल उघडावं लागतं. दुकानाच्या आत, हात पोचेल अशा ठिकाणी घ्या, अंतर वाढलं तर १२ व्होल्टची वायर जाड करा. फ्रेमला अर्थिंग, पाटीला स्वतंत्र एमसीबी (लोड जास्त झाला की लाइन तोडणारा स्विच) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा), हे तिन्ही काम सुरू व्हायच्या आधी लिहून घ्या. आणि अक्षरांचे स्क्रू नुसत्या एसीपीत नकोत, ती ३-४ मिलीमीटरची शीट असते, वजन मागच्या फ्रेमवर गेलं पाहिजे.