जागतिक व्यापार संघटनेत खटला जिंकून छोट्या देशाच्या हाती काय पडते?

फोंडेकर: गोव्यात मांडवी नदीतल्या कॅसिनोंवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आपल्या मंडळींनी अँटिग्वाचा खटला अवश्य पाहावा. लाखभर वस्तीच्या या बेटावरील ऑनलाइन जुगाराला अमेरिकेने दारे बंद केली. परंतु घोड्यांच्या शर्यतींवरील पैजांसाठी अमेरिकी कंपन्यांना वेगळा न्याय दिसत असल्याने बंदी नैतिकतेसाठी आहे हा तिचा बचाव पूर्णपणे टिकला नाही आणि २००५ मध्ये ती अपिलातही हरली. पुढे २००७ मध्ये लवादाने वार्षिक नुकसान ठरवले २.१ कोटी डॉलर. मागणी होती ३४४ कोटींची. तेवढ्या किमतीपुरते अमेरिकी कॉपीराइटसारखे हक्क न पाळण्याची मुभा मिळाली, पण ती अजून कागदावरच आहे. आयातीवर जगणाऱ्या देशाने प्रतिशुल्क, म्हणजे प्रत्युत्तरादाखल आयातीवर जादा कर, लावले तर महागाई त्याच्याच प्रजेला सोसावी लागते, आणि मागच्या नुकसानीची भरपाई या व्यवस्थेत सहसा मिळतच नाही. त्यापेक्षा थेट वाटाघाटी बऱ्या. २०२३ मध्ये भारत आणि अमेरिकेने सात वाद तसेच मिटवले.

साखळीकर: फोंडेकरबाब, त्या सातांपैकी काही वादांत निकाल आधीच लागले होते, हे आपण सोडून दिलेत. ब्राझीलने अमेरिकेच्या कापूस अनुदानाविरुद्धचा खटला जिंकून प्रतिशुल्काची यादी जाहीर केली, तेव्हा अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४.७३ कोटी डॉलर देण्याचे कबूल केले आणि २०१४ मध्ये आणखी ३० कोटी देऊन प्रकरण मिटवले. निकाल हाती नसता तर हा पैसा कोणत्या वाटाघाटीत मिळाला असता?

फोंडेकर: ब्राझीलची बाजारपेठ मोठी, म्हणून धमकी चालली. शिवाय अमेरिकेने अनुदान मोडीत न काढता ते चालू ठेवण्याची किंमत मोजली. त्याच खटल्यात त्रयस्थ पक्ष असलेल्या बेनिन आणि चाड यांच्या शेतकऱ्यांना त्या रकमेतले काही मिळाले नाही.

वास्कोकर: दोघेही जुन्या काळाबद्दल बोलत आहात. अमेरिकेने नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील मंडळच ठप्प आहे. उसाच्या एफआरपीसह (सरकारने ठरवलेला किमान दर) साखरेच्या अनुदानांवर विरुद्ध निकाल लागल्यावर भारतानेही त्याच रिकाम्या मंडळाकडे अपील करून तो निकाल लटकवला. हे सोयीचे असले तरी उद्या हीच पळवाट आपल्याविरुद्ध वापरली जाईल. २०२० च्या पर्यायी अपील व्यवस्थेत भारताने सामील व्हावे.

फोंडेकर: त्या व्यवस्थेत अमेरिका नाही, साखरेवरून आपल्याला खेचणारे ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला मात्र तिघेही आहेत. ज्याच्याकडून वसुली करायची तो बाहेर आणि जाब विचारणारे आत, अशा ठिकाणी आपण कशासाठी जायचे?